थापाड्या, उनाड मुलगी नायिका असलेली एखादी फँटसी कादंबरी सुचवाल का?

तुमची मुलगी बारा वर्षांची, शहाण्या राजकन्यांना विटलेली, असं तुम्ही लिहिलंय. तिला फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) द्या. अमेरिकेत हीच 'द गोल्डन कंपस' नावाने निघाली, तेव्हा दोन्ही घेऊन बसू नका. आमच्या घरात तेही झालंय.

नायिका लायरा. ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजात विद्वानांच्या गराड्यात वाढलेली, पण जीव रमतो तो छपरांवर चढण्यात आणि स्वयंपाकघरातल्या रॉजरबरोबर उंडारण्यात. एका कॉलेजची पोरं दुसऱ्या कॉलेजच्या पोरांशी भांडतात, गावातली पोरं आली की दोघं एक, आणि वीटभट्टीवाल्यांच्या पोरांशी चिखलफेक करायला सगळेच एक. मी बेळगावात शहापूरला वाढले. आमच्या गल्ल्यांचं राजकारण अगदी हेच होतं.

लायराचं खरं हत्यार मात्र थाप. त्या जगात प्रत्येकाचा जीव प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर असतो, त्याला डीमन म्हणतात. अस्वलांना डीमन नसतो, पण त्यांच्या राजाला माणसासारखं व्हायची भारी हौस. लायरा त्याला बेधडक सांगते, मी तुमच्या वैऱ्याचा डीमन आहे, त्याला एकट्याने लढून हरवा, मग मी तुमची. एरवी अस्वलाला फसवता येत नाही. हा फसतो, कारण त्याला अस्वल राहायचंच नसतं. आणि गंमत बघा, याच थापाडीच्या हातात लेखकाने खरं तेवढंच सांगणारं यंत्र दिलंय!

आमच्या सीमाभागातल्या पोरांना ही कला जरा लवकर येते. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी. सातवीत असताना खानापूरच्या बसमध्ये अर्ध्या तिकिटासाठी मी 'कन्नड येत नाही' असं तोंड करून बसले. कंडक्टर शुद्ध मराठीत म्हणाला, "मग मराठीत सांग बाळ, वय किती?" पूर्ण तिकीट काढलं.

म्हणूनच मला हे पुस्तक आवडतं. लायराला सुधारून गुणी मुलगी करायची घाई लेखकाला नाही. पण तिच्या थापांची किंमत तिला मोजावी लागते, आणि शेवट चांगलाच काळा आहे. आधी तुम्ही वाचा. पुढचे दोन भाग (१९९७, २०००) लगेच देऊ नका. तिसरा धर्मसत्तेबद्दल आहे, जड आहे, बाराव्या वर्षी डोक्यावरून जाईल.

इंग्रजी सोपं नाही. पहिलं प्रकरण, जिथे ती कपाटात लपून मोठ्यांचं बोलणं ऐकते, ते तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या भाचीने तिथेच पुस्तक हातातून ओढून घेतलं आणि विचारलं, "मावशी, हिला कुणी ओरडत कसं नाही गं?"