लग्नाची पंचविशी: मालदीव, नील की भोगवे?

नमस्कार,

तुमचं पत्र आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर कळेल. तुम्ही कोल्हापूरचे, वय 51, खासगी कारखान्यात नोकरी, वहिनी पतसंस्थेत. 27 डिसेंबरला लग्नाला 25 वर्षं होतायत. दोघांनीच समुद्रावर जायचंय आणि वहिनींची एकच अट, गर्दी नको. एजंटाने मालदीवचं पॅकेज दिलंय: 26 ते 30 डिसेंबर, 4 रात्री, दोघांचे 3 लाख 40 हजार, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. 10 हजार टोकन भरून झालंय. आरडीचे 1 लाख 60 हजार हातात आहेत. बाकीच्या पैशांसाठी 5 लाखांची एफडी मोडायची की क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट ईएमआय’ घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता एक ओळ अशीही आहे की वहिनींना अंदमानचं नील बेटही आवडलं होतं, पण ‘पंचविशीला काहीतरी मोठं हवं’.

एफडी की ईएमआय यात मी लगेच शिरत नाही. मला आधी तारीख बदलायला सांगायचंय.

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा शांत किनारा शोधायचा नव्हेच. गोवा सोडा, त्या दिवसांत तारकर्लीला गाडी लावायची पंचाईत असते. गर्दी एकवेळ सोसाल, पण तिचे पैसेही तुम्हीच भरता आणि त्यावर कर वेगळा. 22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीचं भाडं रात्रीला 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. समजा एखादी खोली जानेवारीच्या मध्यावर 6,500 ला मिळते आणि नाताळात 8,500 ला. करासकट हिशेब केला तर एक पडते 6,825 ला आणि दुसरी 10,030 ला. खोली तीच, चादर तीच. भाड्यात 2,000 चा फरक, खिशातून 3,205 जास्त.

वहिनींना मार्चएण्डला रजा मागता येणार नाही, हे सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं असं: 27 तारखेला घरी, मुलाला आणि जवळच्या मंडळींना घेऊन जेवण करा. संक्रांत झाली की निघा आणि 26 जानेवारीच्या जोडसुट्टीआधी परत या. तेवढ्या दिवसांत समुद्र शांत असतो, हवा कोरडी असते आणि शाळा-कॉलेजं चालू असल्यामुळे सहकुटुंब येणारे कमी असतात.

आता मालदीव. शांततेच्या बाबतीत मालदीवला नावं ठेवता येणार नाहीत. एका बेटावर एकच रिसॉर्ट, बाहेरचा माणूस येण्याचा प्रश्नच नाही. अडचण एवढीच की बेटावर दुसरं दुकानच नाही. दुपारचं जेवण रिसॉर्टमध्येच आणि डॉलरमध्ये. तिथल्या मेन्यूवर आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं असतात, ती बघून ठेवा. एक 10 टक्के सेवाशुल्काचं, दुसरं पर्यटनावरच्या जीएसटीचं, जो जुलै 2025 पासून 17 टक्के झालाय आणि सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो. म्हणजे 40 डॉलरची थाळी साडेएक्कावन्न डॉलरला. दोघांची 4 दिवसांची दुपारची जेवणंच साधारण 412 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर 37 हजार. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दर दिवसाला 12 डॉलर हरित कर आहे (2025 च्या जानेवारीपासून दुप्पट झाला), तो तुमचा 96 डॉलर, म्हणजे साडेआठ हजारांच्या वर. तो पॅकेजमध्ये धरलाय का, हे तुम्ही पाठवलेल्या कोटेशनवर कुठेच लिहिलेलं नाही. कार्डाने डॉलर भरले की बँक परकीय चलनाचा अधिभार लावते. म्हणजे 3 लाख 40 हजारांची सहल पाणी, चहा, बोटीतली एखादी फेरी धरता 4 लाखांच्या आसपास जाईल.

कोटेशनमध्ये सी-प्लेनही आहे. ती विमानं दिवसाउजेडीच उडतात. तुमचं मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, उतरणारं विमान दुपारी उशिरा पोचणार असेल तर एक रात्र मालेजवळच काढावी लागेल, आणि चारातली एक रात्र गेलीच. एजंटाला हे आजच विचारा.

तारीख पुढे ढकलून मालदीव स्वस्त होईल का? थोडंसंच. जानेवारी ते एप्रिल हा तिथला कोरडा मोसम, युरोपातले पाहुणे तेव्हाच येतात, त्यामुळे भाव फारसे उतरत नाहीत. ते उतरतात पावसाळा लागल्यावर. मालदीवचाच हट्ट असेल तर रिसॉर्ट सोडून धिगुरा किंवा थोड्डूसारख्या वस्तीच्या बेटावरचं गेस्टहाउस बघा. तिथला हरित कर निम्मा, जेवण गावातल्या हॉटेलात. दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरावीक किनाऱ्यावरच वावरता येतं. तुमच्या पत्रावरून यातलं काही अडेल असं वाटत नाही.

पण माझं मत नीलच्या बाजूने आहे. सरकारी नाव शहीद द्वीप. बेट एवढंसं की सायकलवर फिरून होतं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. भरतपूरचा किनारा मात्र दुपारी गजबजतो, शेजारच्या हॅवलॉक बेटाहून दिवसाच्या सहलीला आलेले लोक आणि वॉटर स्पोर्टस्‌वाले तिथेच असतात. म्हणून बेटावर मुक्काम करा. बोटी परतल्या की बेट तुमचंच. ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं, तेव्हा पोहता येत नाही; भरतीची वेळ हॉटेलवाल्याला विचारून ठेवा. नेटवर्क यथातथाच, एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोकड न्या. आणि फेरी (बेटांमधली प्रवासी बोट) व परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि विमान थांबत नाही. शेवटची रात्र श्री विजयपुरमला, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच, काढायची.

खर्च असा धरतो: दोघांचं विमान 46 हजार, फेरी 7 हजार, नीलला 4 रात्री 6,500 च्या खोलीत, करासकट 27,300, पोर्ट ब्लेअरला येताजाता एकेक रात्र 4,000 ची, दोन्ही मिळून 8,400. जेवणखाण, रिक्षा, किरकोळ 25 हजार. दोघांनी एकदा स्कूबा केलंत तर 8 हजार. बेरीज 1 लाख 21 हजार 700. विमानाचे आणि खोल्यांचे आकडे माझा अंदाज आहेत, बुक कराल त्या दिवशी पाच-दहा हजार इकडेतिकडे होतील.

तुमच्या पगारपत्रकात वर्षाला 50 हजार एलटीए, म्हणजे रजा प्रवास भत्ता, दिसतोय. गृहकर्जामुळे तुम्ही अजून जुन्या करप्रणालीत आहात, म्हणजे हे पैसे तुमच्या कामाचे आहेत. नव्या प्रणालीत गेला असतात तर विषयच संपला असता. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांना सूट मिळते, चालू गट 2026 ते 2029. सूट फक्त प्रवासभाड्याला, तीही भारतातल्या भारतात. हॉटेल-जेवण त्यात बसत नाही. तुमच्या 46 हजारांच्या तिकिटांवर 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून 14,352 रुपये कर वाचतो. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि रजा कार्यालयात रीतसर नोंदवा. मालदीवला यातलं काही नाही. मुंबईपर्यंतचं भाडं तरी दाखवू, असा विचारही करू नका. स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी देशातल्या ठिकाणाला परदेशातून वळसा घालून केलेल्या प्रवासाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये निकाल बँकेच्या विरोधात लागला.

परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतो, दर बजेटगणिक बदलत आलाय. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करता येतो. तोवर पैसे अडकतात, इतकंच.

म्हणजे नीलची सहल करबचतीनंतर 1 लाख 7 हजारांच्या घरात. आरडीतून भागते आणि पन्नासेक हजार उरतात. एफडीला हात लागत नाही. ती तशीच राहू दे. तुमच्या पत्रात दुसरा आपत्कालीन निधी मला कुठे दिसला नाही आणि जुलैत मुलाची फी आहे. ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल एवढंच: व्याज असतंच, दुकानदार ते सवलतीच्या रूपाने आधी वजा करतो, पण व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या बिलात येतं. सहल रद्द झाली तर परतावा येईपर्यंत हप्ते चालूच.

कोकणाचं तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. भोगवे-निवतीच्या बाजूला जानेवारीतल्या मधल्या वारी न्याहारी निवास योजनेतलं एखादं घर घ्या, घाट उतरून स्वतःच्या गाडीने जा, सुरमई खा. तीन रात्रींचा खर्च 20 हजारांत बसावा. पंचविशीला वहिनींना तेवढं पुरेल असं मला वाटत नाही, पण उरलेल्या पन्नास हजारांतून पुढच्या वर्षी हे आरामात होतं.

टोकनच्या 10 हजारांचं आता. रद्द करण्याच्या अटी एजंटाकडून लेखी मागवा, पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय तेही वाचा. पैसे परत न देता पुढच्या सहलीत वळते करतो म्हणाला, तर अंदमानची तिकिटं त्याच्याकडून काढण्याचा दर विचारा, पण तुमच्या मोबाइलवर दिसणाऱ्या दराशी ताडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. अगदी बुडालेच, तरी ते 10 हजार वाचवायला वर आणखी पावणेतीन लाख घालायचे नाहीत. विमानाची तिकिटं याच महिन्यात काढा, आणि फेरीचं आरक्षण विमान पक्कं झाल्यावरच.