सुपरचार्जर बसवल्यावर टायमिंग किती मागे घ्यायचं?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. माझी माझदा एमएक्स-५ १९९१ची आहे, इंजिन १.६ लिटरचं. तिला ईटन एम४५ सुपरचार्जर बसवलाय, बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब, साधारण ६ पीएसआय. आधीच्या मालकाने बेस टायमिंग (ठिणगी पडण्याची मूळ वेळ) १४ अंशांवर ठेवलं होतं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खडखड ऐकू येते. काय करू?

उत्तर : दुरुस्ती होईपर्यंत चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. ती खडखड म्हणजे नॉकिंग. ठिणगीची ज्वाला पोचायच्या आतच सिलिंडरच्या कडेचं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतंय. तुमच्या मॉडेलला नॉक सेन्सर नाही, त्यामुळे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) याचा पत्ताच लागत नाही आणि पिस्टन फुटेपर्यंत तो ठिणगी त्याच वेळी देत राहील.

कंपनीचं बेस टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोचतो त्या क्षणाच्या) आधी १० अंश. अंश जास्त म्हणजे ठिणगी लवकर, टायमिंग मागे घेणं म्हणजे ठिणगी उशिरा. हौशी मंडळी ते १४वर नेतात आणि बिनबूस्टच्या इंजिनाला ते चालतंही. बूस्टमुळे मात्र सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण कोंबलं जातं, ते लवकर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते.

आधी १०वर या. इंजिन गरम करा, एसी आणि दिवे बंद ठेवा. डायग्नोसिस बॉक्समधली टीईएन आणि जीएनडी ही दोन टर्मिनल वायरने जोडा. हे करायचं राहिलं तर ईसीयू टायमिंग स्वतःच हलवत राहील आणि माप चुकेल. टायमिंग लाइटचा (ठिणगीसोबत लुकलुकणाऱ्या दिव्याचा) क्लॅम्प एक नंबरच्या प्लग वायरला लावा आणि पुलीवरची खूण १०वर येईपर्यंत इंजिनामागचा कॅम अँगल सेन्सर हळूहळू फिरवा. बोल्ट आवळल्यावर पुन्हा तपासा, आवळताना सेन्सर सरकू शकतो.

सेन्सर फिरवला की टायमिंग सगळीकडेच मागे जातं, बूस्ट नसतानासुद्धा. गाडी मरगळल्यासारखी वाटेल ती त्यामुळे. खरा इलाज म्हणजे बूस्ट पाहून टायमिंग मागे घेणारा बॉक्स किंवा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू. सुरुवात दर पीएसआयला १ अंश मागे, अशी करा.

आणि कानावर विसंबू नका. फुल थ्रॉटलवर गाडी एकदा पळवून लगेच इंजिन बंद करा, प्लग काढा आणि भिंगातून बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे कण दिसले तर टायमिंग अजून मागे घ्या. ते चमकणारे कण तुमच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे.

प्रश्न : डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) नॉकिंग येईपर्यंत अंश वाढवायचे आणि मग दोन मागे यायचं, असं मित्र सांगतो. बरोबर आहे?

उत्तर : नाही. बूस्टवर नॉकिंगची एकेक वेळ महागात पडते. कमी अंशांपासून सुरू करा, एकेक अंश वाढवा आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) बघा. अंश वाढवूनही टॉर्क जेमतेम हलला, तर तो अंश परत घ्या. त्याने ताकद मिळत नाही, धोका तेवढा वाढतो. तुमच्यासारखा रूट्स जातीचा सुपरचार्जर खालच्या आरपीएमपासूनच बूस्ट देतो, म्हणून टॉर्क सर्वाधिक असतो तिथे टायमिंग सर्वांत जपून ठेवा. वरच्या आरपीएमला कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच कमी मिळतो, तिथे थोडं वाढवता येतं.

प्रश्न : भारतात १०० ऑक्टेन मिळतं, इथे अमेरिकेत ९३च. इथलं पेट्रोल हलकं का?

उत्तर : मोजपट्टी वेगळी आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंगला तोंड द्यायची क्षमता, आणि ती मोजायच्या आरओएन आणि एमओएन अशा दोन पद्धती आहेत. भारतात पंपावर आरओएन लिहितात, अमेरिकेत आरओएन आणि एमओएन यांची सरासरी. अमेरिकेचं ९३ म्हणजे साधारण ९८ आरओएन. भारतातला टायमिंगचा नकाशा (कोणत्या आरपीएमला किती अंश) जसाच्या तसा उचलू नका.

प्रश्न : पुण्यात माझ्या हॅचबॅकला सुपरचार्जर बसवू का?

उत्तर : रस्त्यावर चालवायच्या गाडीला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करण्याच्या विरोधात आहेत.

प्रश्न : भीतीपोटी टायमिंग भरपूर मागे घेतलं. आता एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल होतो.

उत्तर : ठिणगी फार उशिरा पडतेय. मिश्रण अजून जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि उष्णता बाहेर जाते. मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तिन्हींना त्याचा त्रास. दोन अंश पुढे घ्या, पण त्याआधी बूस्टवरचं एअर-फ्युएल (हवा-पेट्रोल) प्रमाण वाइडबँड मीटरवर बघा. मिश्रण लीन (पेट्रोल कमी पडणारं) असेल तर आधी पेट्रोल वाढवा, मगच टायमिंगला हात लावा.