‘पोरं लक्षच देत नाहीत’ : कामावरच्या ट्रेनिंगविषयी प्रश्नोत्तरे

उद्यमबाग, मच्छे, हत्तरगी, निपाणी, बेळगाव भागातून पत्र कुठूनही येवो, तक्रार एकच असते: ‘आजकालच्या पोरांचं लक्ष टिकत नाही, ट्रेनिंग द्यायचं कसं?’ लिहिणारे बहुधा मालक, मॅनेजर किंवा एचआरवाले. समोर बसून जांभया देणाऱ्याचं पत्र मला अजून आलेलं नाही. या वेळी थोडे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

एका ट्रेनिंग कंपनीचे लोक आले होते. माणसाचं लक्ष आता ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी, असं त्यांनी स्लाइडवर दाखवलं. त्यांचं मोबाइल ॲप आहे, दर माणशी वर्षाला पैसे. घ्यावं का?
– एचआर अधिकारी, उद्यमबाग

हे ८ सेकंद अजून फिरतायत म्हणायचे. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेनं २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी एक अहवाल काढला, त्यातून हा आकडा जगभर गेला. अहवालानं तो दुसरीकडून उचलला होता, आणि पुढे ज्यांनी त्याचं मूळ शोधलं त्यांना कुठलाही अभ्यास सापडला नाही. गोल्डफिशवर तर संशोधक स्मरणशक्तीचे प्रयोग करतात, कारण त्याला शिकवलेलं लक्षात राहतं.

लक्ष किती टिकेल हे समोर काय काम आहे त्यावर ठरतं. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये लोकांना एका फिरत्या काट्याकडे टक लावून बसवलं होतं. काटा मधूनच दुप्पट उडी मारी, ती ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्याकडून उड्या सुटू लागल्या. तेव्हा मोबाइल नव्हते. तुमच्याकडचा जो पोरगा ट्रेनिंग हॉलमध्ये पेंगतो, तोच गणपतीत मंडळाच्या देखाव्याचं वायरिंग पहाटेपर्यंत करतो. त्याचं लक्ष शाबूत आहे.

ॲप वाईटच असतं असं नाही. पण विकणाऱ्याला म्हणा, आमचं एक मशीन, एक काम घ्या आणि ट्रेनिंगआधी आणि नंतर रिजेक्शन किती, ते आमच्या रजिस्टरवरून दाखवा. पॉइंट, बॅज आणि लीडरबोर्ड दाखवू लागला तर चहा पाजून निरोप द्या. सही करण्याआधी प्रॉडक्शन मॅनेजर आणि त्या मशीनवरच्या दोन जुन्या ऑपरेटरना ते वापरून पाहू द्या.

सेशन किती मिनिटांचं असावं?

एक काम दाखवून, त्याच्याकडून करून घेऊन, त्याची चूक तिथंच दुरुस्त होईल इतकं.

ट्रेनिंगच्या वेळी मोबाइल काढून घ्यावेत का?

घ्या, पण साहेबांचाही त्याच ट्रेमध्ये पडू द्या.

सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) ४० स्लाइडचं ट्रेनिंग आम्ही कापून दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ केले. पोरं बघतात, आवडतंही. तरी ऑफसेटला (मशीनला मापाची दुरुस्ती आकड्यात देताना) चुका होतातच.
– ट्रेनिंग इन्चार्ज, मच्छे

शिळी भाकरी कुस्करली म्हणून ताजी होत नाही. ४० स्लाइडमध्ये मशीनचा इतिहास, कंपनीचं धोरण आणि भागांची नावं असतील, तर तुकड्यांतही तेच असणार. तुकडा विषयाचा पाडायचा नसतो, कामाचा पाडायचा असतो.

ऑफसेटचंच बघा. इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला, पहिला पीस काढला, व्यास हवा २५.००, मायक्रोमीटर दाखवतो २५.०४. वेअर ऑफसेटमध्ये (पातं झिजल्याची दुरुस्ती) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, काय टाकायचं? उणे ०.०४. नवा पोरगा इथं दोनच चुका करतो. एकतर चिन्ह उलटं टाकतो, मग पुढचा पीस आणखी जाड येतो, नाहीतर ०.०४ च्या जागी ०.४ टाकतो, मग पीस थेट भंगारात. तुमच्या व्हिडिओत बरोबर बटण दाबलेलं दिसतं. या दोन चुका त्यात आहेत का?

माझा सल्ला: मोजून ठेवलेले तीन-चार पीस त्याच्या हातात द्या, प्रत्येकाला तो कोणता आकडा टाकेल ते कागदावर लिहायला सांगा, आणि सगळे बरोबर आल्याशिवाय कीपॅडला हात लावू देऊ नका. दहा-बारा मिनिटांत होतं. तुमच्या कंट्रोलरवर व्यासानुसार प्रोग्रॅमिंग आहे की त्रिज्येनुसार, हे सेटरला विचारूनच उदाहरणं बनवा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं कारखान्यांत नव्या भरतीसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा उपक्रम १९४० मध्ये सुरू केला. त्यातली शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची होती: माणसाला तयार करा, दाखवा, करून घ्या, नंतर जाऊन बघा. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरच चहा येतो.

आमची लहान फौंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना) आहे. दरवर्षी एक दिवस तीन तासांचं सेफ्टी ट्रेनिंग घेतो, लोक झोपतात. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर एक-एक मिनिटाचे सेफ्टी व्हिडिओ पाठवले आणि बघितल्याची सही घेतली तर चालेल का?
– फौंड्रीमालक, उद्यमबाग

नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर जरा लांबच देणार आहे, कारण हाच प्रश्न दर पावसाळ्याआधी येतो आणि मला दर वेळी धडकी भरते.

तुमचं स्क्रॅप कुठं पडलेलं असतं? बहुतेक ठिकाणी उघड्यावर. बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस कसा लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको. ओलं स्क्रॅप, आत पाणी साचलेला पाइपचा तुकडा, तोंड बंद असलेला एखादा डबा, वितळलेला धातू ओतायचा पण नीट न तापवलेला लॅडल, ओली सळई, यांतलं काहीही फर्नेसमधल्या (भट्टीतल्या) रसाखाली, म्हणजे वितळलेल्या धातूखाली, गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते आणि वर रस असतो. पुढे काय होतं ते फौंड्रीवाल्यांना ठाऊक आहे, पण ज्याच्या हातात चार्जिंगचं, म्हणजे फर्नेसमध्ये स्क्रॅप टाकायचं, काम आहे त्या नव्या पोराला ठाऊक आहे का? तो कालच ठेकेदाराकडून आलाय. त्याला तुम्ही व्हिडिओ पाठवलात, त्यानं बसमध्ये बघितला, अंगठा दाखवला. तुमच्या रजिस्टरमध्ये तो ‘ट्रेन्ड’ झाला.

सहीनं एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी त्याच्या हातात पेन होतं.

आता काय करायचं ते. तीन तास मोडा, पण मोबाइलमध्ये ढकलू नका. शिफ्ट सुरू होताना, चार्जिंगच्या जागी, एका वेळी एकच गोष्ट. पहिल्या आठवड्यात फक्त स्क्रॅप: ढिगातून ओले आणि बंद तोंडाचे तुकडे मुद्दाम मिसळून ठेवा आणि त्याला ते वेगळे काढायला सांगा. तो पाइप उलटा करून बघतो का, डबा हलवून बघतो का, ते तुम्ही बघा. एखादा राहिला तर ओरडू नका, त्याच्याच तोंडून वदवून घ्या की हा आत गेला असता तर काय झालं असतं. दुसऱ्या आठवड्यात लॅडल तापवणं. नंतर रस सांडला तर कुठं सरकायचं, ते प्रत्यक्ष चालून. व्हिडिओ वापरायचा तो जे जिवंत दाखवता येत नाही तेवढ्यापुरता, म्हणजे स्फोट दाखवण्यापुरता. आणि पहिल्या आठवड्याचा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारा, आधी न सांगता.

मे संपायच्या आत हे सगळं एकदा झालं पाहिजे. ‘ऑर्डरचा लोड आहे, पुढच्या महिन्यात बघू’ हे मी फार ऐकलंय. पाऊस तुमच्या डिस्पॅचसाठी थांबत नाही. नवा माणूस मध्येच आला तर त्याचं स्क्रॅपचं ट्रेनिंग झाल्याशिवाय चार्जिंग प्लॅटफॉर्मवर चढवायचाच नाही, मग ठेकेदार काहीही म्हणो.

कायद्याचंही सांगतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली. कलम ७अ नं माहिती, शिक्षण, ट्रेनिंग आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी केली, आणि १११अ नं कामगाराला सुरक्षेबद्दल माहिती आणि ट्रेनिंग मागण्याचा हक्क दिला. कामगार कायदे आता नव्या संहितांत घेतले गेले आहेत, त्यामुळे तुम्हाला नेमकं काय लागू होतं ते कर्नाटकच्या कारखाने व बाष्पके खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि वर दिलेला आराखडा तसाच्या तसा उचलू नका. फर्नेस कोणतं, चार्जिंग कसं होतं हे बघून जाणत्या सेफ्टी ऑफिसरकडून तपासून घ्या. लहान युनिट असेल आणि ऑफिसर नसेल तर शेजारच्या मोठ्या फौंड्रीतल्याला विनंती करा. लोक येतात.

एकाच बॅचमध्ये मराठी, कन्नड आणि बिहार-ओडिशाची मुलं आहेत. मराठीत बोललं की निम्मे मोबाइल काढतात. तिन्ही भाषांत स्लाइड कराव्यात?
– सुपरवायझर, होनगा

मोबाइल काढणारच, त्यांना कळत नाहीये. तीन भाषांच्या स्लाइड करून वर त्याच वाचून दाखवू नका. डोळ्यांनी जे वाचायचं तेच कानांनी ऐकायचं, यात डोकं दमतं, शिकत नाही. शब्द कमी करा. बरोबर पीस आणि खराब पीस शेजारी ठेवा, गेजचा फोटो मोठा लावा, हातानं करून दाखवा. मग प्रत्येक भाषेतला एक हुशार ऑपरेटर निवडा आणि नव्या पोरानं ते काम परत करून त्याला आपल्या भाषेत समजावून सांगायचं, असं ठेवा. चूक कुठं झाली ते त्या ऑपरेटरच्या चेहऱ्यावरच कळतं. मात्र सेफ्टीच्या सूचना ज्याच्या त्याच्या भाषेत लेखी हव्यात, आणि भाषांतर त्या भाषेच्या कामगाराकडून तपासून घ्या. इंटरनेटवरून केलेलं कन्नड आमच्या अण्णांनाही वाचता येत नाही.

प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते, कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून. टेस्ट घेऊन बॅच पाडाव्यात का?

नको. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचा पुरावा तपासला. शैलीप्रमाणे शिकवल्यानं लोक जास्त शिकतात, असं म्हणण्याइतका आधार त्यांना मिळाला नाही. वेल्डिंग ऐकून कोण शिकतं? टेस्ट विकणाऱ्याला हे विचारा.

पतसंस्थेत नवीन सॉफ्टवेअर आलंय. स्टाफला दोन दिवस ट्रेनिंग दिलं, आठवड्यात सगळं विसरले. ७० टक्के २४ तासांत विसरतात, असं वाचलं. खरं आहे का?
– व्यवस्थापक, निपाणी

तो आकडा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या नावावर खपतो. त्यांनी १८८५ मध्ये छापलेले प्रयोग स्वतःवर केले होते, तेही अर्थ नसलेल्या अक्षरांवर. तुमच्या काउंटरवरच्या वहिनींना तो आकडा लावू नका. विसरणं होतंच, पण ते थांबवायला पुन्हा तेच ट्रेनिंग नको. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचलेलं जास्त आठवतं, पण आठवड्यानं, ज्यांनी न बघता आठवायचा प्रयत्न केला होता तेच पुढे असतात. म्हणून सकाळी काउंटर उघडण्याआधी दोन प्रश्न: ‘मुदत ठेव मोडायची आहे, कुठल्या स्क्रीनवर जाल?’ चुकलं तर लगेच दाखवा.

मयत खातेदाराच्या वारसाचा दावा अशा क्वचित येणाऱ्या कामाचं मात्र पाठांतर करून घेऊ नका. एका पानावर पायऱ्या लिहा, काउंटरखाली चिकटवा. त्या पायऱ्या तुमच्या लेखापरीक्षकांना दाखवून मगच चिकटवा.

एक ट्रेनी हाताला चांगला आहे, पण दहा मिनिटं बसत नाही, सूचना अर्धवट ऐकतो, साहित्य विसरतो. त्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही असा विकार) आहे असं एचआर म्हणतं.
– टूलरूम इन्चार्ज, हत्तरगी

एचआरला ते ठरवता येत नाही, मलाही नाही. रात्रपाळी, जागरण, न ऐकू येणं, घरची काळजी, कशानंही असं दिसतं. त्याला चारचौघांत नाव चिकटवू नका. एकांतात विचारा, आणि लहानपणापासून असंच आहे असं तो म्हणाला तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवा. जायचं की नाही ते त्यानं ठरवावं. तोवर सूचना एकेक द्या, लेखी द्या, आणि धोक्याच्या मशीनवर त्याला एकटं ठेवायचं की नाही हे सेफ्टी ऑफिसर आणि कारखान्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

पुढच्या सोमवारी कस्टमर ऑडिट आहे. ६० लोकांच्या ट्रेनिंगच्या नोंदी अपुऱ्या आहेत. पटकन होईल असं काही डिझाइन द्याल?

नाही. ऑडिटरला अपुऱ्या नोंदी अपुऱ्या म्हणूनच दाखवा, पुढच्या तीन महिन्यांचा आराखडा सोबत ठेवा, आणि मागच्या तारखा टाकण्याआधी तुमच्या क्वालिटी हेडशी बोला.