सकाळी धुरकट, दुपारी स्वच्छ: आईंचा डोळा सकाळीच तपासून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला काही महिने झाले, आईंना उठल्यावर सगळं धुरकट दिसतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, जेवणवेळेपर्यंत निवळतं, आणि दवाखान्यात 'काही नाही' म्हणतात. आमच्या आईचं हुबेहूब असंच होतं. सकाळी कोल्हापुरात शिवाजी पेठेतून गंगावेशीत दुधाला जाताना समोरची ओळखीची बाई तिला आवाजावरून ओळखावी लागायची, आणि दुपारी त्याच डोळ्यांनी ती तांदूळ निवडायची. म्हणून घाईनं लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या आईंना हेच झालंय असंही म्हणत नाही, पण ही शंका तपासून घेण्यासारखी नक्की आहे.

लेन्स, चष्मा वगैरे सोडतो, ते तुम्हाला ठाऊक असणार. मुद्दा कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा. तो मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. डोळ्याचा पांढरा भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो, तसाच हाही. तरी एक पांढरा आणि एक आरपार, कारण कॉर्नियातले तंतू सारख्या जाडीचे, अतिशय बारीक आणि एकमेकांपासून जवळपास सारख्या अंतरावर असतात. ते अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरंच कमी असतं. त्यामुळे आडवातिडवा विखुरणारा प्रकाश आपापसांत रद्द होतो आणि सरळ जाणारा तेवढा पुढे जातो. डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञांनी १९५७ साली ही उपपत्ती मांडली. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण गाभा तोच राहिला.

आता या तंतूंच्या मधला पदार्थ पाणी ओढून घेणारा असतो. आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम, तो हे पाणी सतत बाहेर काढतो. पाझर असलेल्या विहिरीवर मोटर चालू ठेवावी लागते, तसंच हे. या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० असतात. वयानं कमी होतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आणखी काही जातात, आणि फुक्स डिस्ट्रॉफी (याच पेशींचा आजार) असली तर मुळातच अशक्त असतात. संख्या ५०० च्या आसपास आली की पाणी साचायला लागतं. तंतू जाड होत नाहीत, पण त्यांच्यामधलं अंतर बिघडतं, मध्येच पाण्याची तळी तयार होतात, आणि प्रकाश वाट्टेल तिकडे विखुरतो. ते पाणी वरच्या त्वचेसारख्या थरापर्यंत पोचलं की नजर एकदम घसरते आणि कडी दिसायला लागतात.

सकाळीच का? रात्रभर पापण्या मिटलेल्या, त्यामुळे वरून बाष्पीभवन नाही आणि प्राणवायूही कमी. निरोगी कॉर्नियासुद्धा रात्री थोडा फुगतो, पण उठल्यावर लवकर उतरतो. अशक्त पेशींना त्याला दुपार होते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की आईचं निवळायला आणखी उशीर व्हायचा.

आणि इथंच आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथला काउंटर फक्त संध्याकाळची वेळ द्यायचा. सकाळी ऑपरेशनं असतात, हे कारण. मी दर वेळी सांगायचो की त्रास सकाळी होतो, सकाळी बघा. उत्तर एकच: "काकूंचं वय झालंय, नंबर बदललाय." संध्याकाळी तक्ता नीट वाचला की फाईलवर 'नॉर्मल'. दोन वेळा चष्मे बदलायला लावले, दोन्ही कपाटात पडून आहेत. फाईलची प्रत मागितली तर 'सर आल्यावर'. माझं ठाम मत आहे, कोणाला राग आला तरी चालेल: ज्या रोगाचं लक्षणच घड्याळ बघून येतं, त्याची वेळ काउंटरनं ठरवू नये. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी भल्या सकाळी यायला सांगितलं, जाडी मोजली, पेशींचा फोटो काढला, आणि विषय तिथंच कळला.

तुम्ही उठल्याउठल्या, चेहऱ्यावर वारा लागायच्या आत जाता येईल असा डॉक्टर शोधा, शक्यतो कॉर्नियाचा. स्पेक्युलर मायक्रोस्कोपी (पेशींचा फोटो) आणि पॅकिमेट्री (जाडीचं माप) दोन्ही मागा, आणि जाडी सकाळ-दुपार दोन्ही वेळा मोजून घ्या. कॉर्निया फुगलेला असला की डोळ्याचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवला जाऊ शकतो, तेही विचारा. फाईल मागायला संकोच करू नका: २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असं आहे. ऑपरेशनआधीचा पेशींचा आकडा असेल तर तो सोन्यासारखा.

आमच्या आईला आधी ५ टक्के मिठाचे थेंब आणि रात्री तेच मलम दिलं. झोंबतं, पण सकाळ जरा सुसह्य होते. हेअर ड्रायरची कोमट हवा हातभर अंतरावरून डोळ्यांसमोरून फिरवायलाही सांगितलं होतं. हे आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा. यानं पेशी परत येत नाहीत. पुढे गरज लागली तर हल्ली पूर्ण कॉर्निया न बदलता आतला थर तेवढा बसवतात, डीसेक किंवा डीमेक. त्यानंतर आत सोडलेला हवेचा बुडबुडा तो थर दाबून धरतो, म्हणून काही काळ पाठीवर झोपावं लागतं. कंबर दुखणाऱ्या माणसासाठी ते अवघड, आधीच सवय करा. फुक्स निघालं तर मावशी-मामांनाही तपासायला सांगा, ते घराण्यात चालतं.

डोळा लाल होऊन ठणकायला लागला, पाणी वाहायला लागलं किंवा उलटी झाली, तर सकाळ-संध्याकाळ काही बघू नका, त्याच दिवशी जा. पेशींचा आकडा मिळाला की इथं लिहा, आईच्या रिपोर्टशी ताडून काय विचारायचं ते सांगतो.