निष्काम कर्माच्या आरंभी
गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७वा श्लोक तुम्ही पाठ केलाच असेल, परंतु नवा साधक बहुधा त्याच्या पहिल्या चरणावरच थांबतो. माझी कळकळीची विनंती अशी की ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ (कर्म न करण्याची आसक्ती तुला नसो) हा शेवटचा चरण आधी मनात रुजवावा, कारण फळाची आस सोडायची म्हणून काम टाळणे हीदेखील आसक्तीच होय. अठराव्या अध्यायातील २६व्या श्लोकात सात्त्विक कर्ता धृती म्हणजे धैर्य आणि उत्साह यांनी युक्त असतो असे सांगितले आहे, आणि मला तर हेच लक्षण सर्वांत मोलाचे वाटते. नियोजनात व कष्टांत कसूर नको. सुरुवातीला एखादेच नित्यकर्तव्य, समजा घरातील वृद्धांची शुश्रूषा, निवडावे आणि ते करताना कौतुकाची अपेक्षा जागी झाली, तर तिच्याशी न झगडता ती ईश्वरार्पण करून पुन्हा हातातल्या कामाकडे वळावे.