चारच्या प्रभागात प्रमाणशीर प्रतिनिधित्व

प्रश्न : महापालिकेची निवडणूक पद्धत बदलावी का, यावर आमच्या महाविद्यालयात वादसभा आणि शेवटी मतदान आहे. मी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याच्या, बाजूने बोलणार आहे. ‘मतदार गोंधळतो, कारभार अस्थिर होतो’ हे आक्षेप येणारच. उत्तर काय द्यावं?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : तत्त्वं नंतर, आधी फळ्यावर आकडे मांडा. २०१७ मध्ये पुण्यात ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले. बहुतेक प्रभाग चार जागांचे. अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी मत वेगळं. समजा ४०,००० मतं आहेत आणि चारही जागांवर तीन पक्षांत ती १७, १३ व १० हजार अशीच पडली. पहिला पक्ष चारही जागा नेतो. उरलेल्या २३ हजारांचा एकही नगरसेवक नाही! हा अन्याय आहे आणि तो ठणकावून सांगा.

आता एकल संक्रमणीय मत घ्या : मत एकच, पण मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. निवडून यायला लागणारी मतं म्हणजे कोटा. वैध मतांना जागा अधिक एकने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा : ४०,००० भागिले ५, त्यात अधिक १, म्हणजे कोटा ८,००१. मतदारांनी पसंती आपापल्या पक्षातच दिली, तर निकाल २-१-१. कोट्यावरची आणि बाद उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.

गोंधळाचं म्हणाल, तर विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रमच लिहितात. जागा एकच असल्याने तिथे निकाल प्रमाणशीर नसतो, पण मतपत्रिका तशीच. मत बाद होतं ते १ न लिहिल्याने, १ दोघांपुढे लिहिल्याने किंवा बरोबरची खूण केल्याने. एक नमुना मतपत्रिका सभेत फिरवा.

अस्थिरतेला उत्तर ही पद्धत वापरणाऱ्यांनीच दिलंय. आयर्लंडमध्ये १९५९ साली डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष निवडताना लोकांनी त्याच दिवशी त्यांच्याच पक्षाचा ही पद्धत मोडण्याचा प्रस्ताव फेटाळला. १९६८ मध्ये पुन्हा फेटाळला, जास्त फरकाने. न्यूझीलंडची पद्धत थोडी वेगळी, पण प्रमाणशीरच. २०११ च्या सार्वमतात सुमारे ५८ टक्क्यांनी ती कायम ठेवली.

खरा अवघड प्रश्न राखीव जागांचा. महिला, अनुसूचित जाती, ओबीसी यांची किमान संख्या भरेल इतके उमेदवार मोजणीत बाद करायचे नाहीत, हे नियमातच लिहावं लागतं. तुम्हीच आधी हे बोला.

आणि ठराव एकाच पद्धतीचा ठेवा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१८ मध्ये तीन प्रमाणशीर पर्याय एकदम पुढे केले. ६१ टक्क्यांनी जुनीच पद्धत राखली.