मंगळाचा अभ्यास करायचा आहे. भूविज्ञान की रोबोटिक्स?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या बारावी विज्ञान शाखेत असून भूविज्ञानात बी.एस्सी. करून पुढे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या माहितीवर संशोधन करावे, अशी तिची इच्छा आहे. ही याने वरून केवळ छायाचित्रे काढतात, खरे काम रोव्हर (मंगळाच्या जमिनीवर फिरणाऱ्या यंत्रगाड्या) करतात, म्हणून तिने रोबोटिक्स अभियांत्रिकी घ्यावी, असे आपण लिहिले आहे. आपला सारा निर्णय या समजुतीवर उभा असल्याने आधी त्या समजुतीविषयीच लिहितो.

नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ हे अमेरिकी यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा अवघा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. त्याच सुमारास आलेल्या सोव्हिएत मार्स २ व मार्स ३ या यानांचे लँडर (जमिनीवर उतरणारे भाग) ठरलेल्या क्रमानुसार त्या वादळातच खाली गेले. एक आदळून नष्ट झाला आणि दुसऱ्याचे संदेश काही सेकंदांतच थांबले. मरिनर ९ ला कक्षेत थांबता आले, आणि धूळ बसल्यावर त्याने प्रचंड ज्वालामुखी, हजारो किलोमीटर लांबीची दरी व वाहत्या पाण्याने कोरल्यासारखी कोरडी पात्रे दाखवली. पुढे १९७६ मध्ये व्हायकिंग १ या अमेरिकी यानाच्या लँडरचे ४ जुलैला ठरलेले अवतरण कक्षेतील छायाचित्रांत जागा खडबडीत दिसल्याने पुढे ढकलले गेले व ते २० जुलैला दुसऱ्या जागी सुखरूप उतरले.

शिवाय छायाचित्रे हा या कामाचा एक भाग झाला. मार्स ओडिसी या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने गॅमा किरणांच्या मोजणीतून जमिनीखालच्या बर्फाचा माग काढला आणि २००८ मध्ये फिनिक्स लँडरने उकरून तो बर्फ प्रत्यक्ष दाखवला. पर्सिव्हिअरन्स हे रोव्हर २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरले, त्या निवडीमागेही कक्षेतून ओळखलेली चिकणमातीची खनिजे होती. सहा महिन्यांसाठी आखलेले आपले मंगळयान २०१४ पासून काही वर्षे काम करत राहिले. त्याचा रंगीत कॅमेरा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडला, ही मला विशेष अभिमानाची गोष्ट वाटते.

खनिजे, विवरे आणि लाव्हाचे थर ओळखणे हे भूवैज्ञानिकाचेच काम आहे. आपले लोणार विवर बेसाल्ट या लाव्हापासून बनलेल्या खडकात झालेले असल्याने मंगळावरील विवरांच्या तुलनेसाठी जगभरचे अभ्यासक त्याकडे वळतात. यंत्र बांधण्याची ओढ असेल तर रोबोटिक्स उत्तमच. परंतु तिची ओढ ग्रहाकडे आहे, असे आपल्याच पत्रावरून दिसते.

बी.एस्सी.नंतर जॅम या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेसारख्या संस्थेत पीएच.डी., असा मार्ग आहे. तेथील जागा मोजक्या असतात. तरीही भूजल, खाणकाम, सुदूर संवेदन (उपग्रहांवरून जमिनीची पाहणी) आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही क्षेत्रे याच विषयातील एम.एस्सी.नंतर खुली राहतात. प्रवेश घेताना मात्र गणित व भौतिकशास्त्र सोबत ठेवता येईल असेच महाविद्यालय निवडावे, आणि संगणकीय नकाशांचे काम तिने पहिल्या वर्षापासून शिकावे.